मालूबाईंच्या मांड्यांची वेबसाइट

पूर्णिमा महाजन आठ वर्षांपासून बुऱ्हाणपुरात वेबसाइट बनवत होती आणि तिच्या निम्म्या ग्राहकांचं तिने तोंडही पाहिलेलं नव्हतं. त्यात काही चुकतंय असं तिला कधी वाटलं नाही. शनवारा चौकाजवळ एका कापडाच्या दुकानावर तिचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. ती आणि तिचा भागीदार गौरव तिथे समोरासमोर बसत. ग्राहकाचा फोन आला की पूर्णिमा त्याला तीन तयार डिझाइन पाठवायची. एक निळं, एक हिरवं, एक भगवं. तो एक निवडायचा, गौरव त्यात दुकानाचं नाव, पत्ता आणि फोटो भरायचा, आणि आठवड्याच्या आत साइट सुरू व्हायची. पॉवरलूमवाले, केळीचे व्यापारी, कोचिंग क्लास, दातांचे डॉक्टर, सगळ्यांना हीच तीन डिझाइन चालली होती. साइट चालू झाली की ग्राहकाला फुलांच्या चित्रासोबत 'अभिनंदन' असा मेसेज जायचा आणि काम संपायचं.

मालूबाईंचं कामही असंच झालं.

मालूबाई पाटील बुऱ्हाणपुराजवळच्या जसोंडी गावच्या. वय अठ्ठावन्न. तीस वर्षं त्या लग्नकार्यात खापरावरचे मांडे करून देत होत्या. चुलीवर मोठं मातीचं खापर पालथं घालायचं, पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायची आणि तापलेल्या खापरावर अलगद सोडायची. बघणाऱ्याला वाटतं, आता फाटेल, आता फाटेल. मालूबाईंची फाटत नसे. आंब्याच्या दिवसांत तर आसपासच्या गावांत लोक म्हणत की भटजीला मुहूर्त विचारायच्या आधी मालूबाईंना तारीख विचारून या. आणि त्यांनी एकदा हो म्हटलं की परत आठवण करून द्यावी लागत नसे.

त्यांचा भाचा रितेश इंदूरला नोकरी करतो. मावशीवर त्याचा फार जीव. "मावशीचं नाव सगळीकडे जायला पाहिजे," असं म्हणून त्याने स्वतःच्या पगारातून तिच्यासाठी वेबसाइट करवून घेतली. सगळं बोलणं फोनवरच झालं. मांड्यांचा फोटो त्याच्याकडे नव्हता, म्हणून पूर्णिमाने इंटरनेटवरून पुरणपोळीचा एक छान फोटो घेऊन टाकला. खाली तारीख निवडायची जागा, नग किती ते लिहायची जागा, आणि 'ऑर्डर करा' असं बटण. ते दाबलं की हिरवी खूण यायची आणि अक्षरं उमटायची: आपली ऑर्डर निश्चित झाली आहे. ऑर्डरी रितेशच्या ईमेलवर जाणार असं ठरलं.

रितेशने सुट्टीत येऊन मावशीला मोबाईलवर साइट दाखवली. मालूबाईंनी चष्मा लावून फोटो निरखला.

"पोळी चांगली आहे बेटा. पण माझी नाही ना ही."

रितेश हसला आणि ते बोलणं तिथेच राहिलं. पहिले पंधरा दिवस त्याने रोज ईमेल उघडून पाहिला. एकही ऑर्डर आली नाही. मग नोकरीच्या धबडग्यात पाहणं सुटलं.

एप्रिलमधल्या एका सकाळी साडेसातला मालूबाईंचा फोन वाजला. त्या तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या एका साखरपुड्यासाठी पीठ चाळत बसल्या होत्या. पलीकडचा आवाज अनोळखी होता.

"मालूबाई, कुठवर आल्या? चूल मांडून ठेवली आहे आम्ही."

"कोण बोलू राह्यले भाऊ तुम्ही?"

"नेपानगरहून दिगंबर चौधरी. पोरीचं लग्न झालं ना काल. आज विहीणपंगत आहे. तुमच्या साइटवर महिन्याआधीच बुकिंग केलं आपण."

मालूबाईंना काही आठवेना. हे नाव त्यांनी ऐकलेलंच नव्हतं. चाळण हातातच राहिली. बाजूला बसलेल्या कुसुमने, म्हणजे गेली पंधरा वर्षं त्यांच्याबरोबर कामाला जाणाऱ्या शेजारणीने, नुसत्या डोळ्यांनी विचारलं, काय झालं? मालूबाईंनी चाळण खाली ठेवली. मग त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पंगत किती वाजता?"

"बारा."

"दोन करा. घरात कुकर किती आहेत?"

"कुकर?" दिगंबरराव गोंधळले. "असतील तीन-चार."

"सगळ्यांत हरभऱ्याची डाळ लावा. आत्ताच्या आत्ता. गूळ किसून ठेवा. लाकडं कशाची आहेत? बाभळीची? चालतील. मी निघाली."

पंगत दोनला का, हे विचारायचं दिगंबररावांना सुचलंच नाही.

शेजारच्या कौतिकची केळी वाहायची पिकअप दारासमोरच उभी होती. उद्यासाठी चाळलेलं सगळं पीठ, दोन पराती, तेलाचा डबा आणि पोत्यात गुंडाळलेली दोन खापरं गाडीत चढली. साखरपुड्यासाठी पीठ संध्याकाळी पुन्हा दळून आणू, असं कुसुमने ठरवूनही टाकलं. निघता निघता मालूबाईंनी रितेशला एक व्हॉइस मेसेज टाकला. त्यात राग नव्हता. "बेटा, ते इंटरनेटवर कोणी मला बोलावलं होतं का, जरा पाहून सांग."

रितेशने ईमेल उघडला. नको असलेल्या जाहिरातींच्या ढिगात ती ऑर्डर पडलेली होती. भूमिका चौधरी, नेपानगर, नग दीडशे, तारीख आजची. त्याने घाबरून पूर्णिमाला फोन केला.

पूर्णिमा तेव्हा ऑफिसचं कुलूप उघडत होती. त्याने ऑर्डरीचं सगळं सांगितलं. काल-परवापर्यंत चुका होत नव्हत्या असं नाही. कधी फोटो दिसायचा नाही, कधी नंबर चुकायचा, मग गौरव दहा मिनिटांत दुरुस्त करायचा. पण एका लग्नघरात लोक जेवायला बसणार आणि पानात गोड पडणार नाही, ही चूक संगणकावर बसून दुरुस्त होणारी नव्हती.

"मी जाते," ती गौरवला म्हणाली.

"दीदी, तिथे जाऊन आपण काय करणार? आपल्याला तर मांडे येत पण नाहीत."

"लाकडं तर सरकवता येतील."

पिकअप बुऱ्हाणपुरावरूनच जाणार होती. रितेशने कौतिकला फोन करून ऑर्डर दीडशेची आहे आणि पूर्णिमाला वाटेत घ्यायचं आहे, हे सांगितलं. पूर्णिमा रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि गाडी थांबल्यावर मागे चढली. दोन बायका ताडपत्रीवर बसून परातीत पीठ मळत होत्या. वाटेतच मळून झालं तर पोहोचेपर्यंत पीठ मुरेल, असा मालूबाईंचा हिशोब होता. गाडी उसळली की परात उसळायची, आणि कुसुम गुडघ्यांनी ती दाबून धरायची.

"तूच का ती इंटरनेटवाली?" मालूबाईंनी वर न बघता विचारलं.

"हो मावशी. मी खरंच..."

"पीठ मळता येतं?"

"येतं."

"मग बस. कुसुम, हिला ती परात दे."

पूर्णिमाने बाह्या वर केल्या. गाडी चालली तसं तिने पुन्हा सुरुवात केली. "मावशी, माझ्यामुळे..."

"माफी नंतर माग. पाणी कमी टाक आधी. एवढं सैल झालं तर खापरावर नाचेल ते."

दिगंबररावांच्या घरी मांडव अजून होता. अंगणात चूल पेटलेली, चार कुकरांच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मालूबाईंनी कुणाशी दोन शब्द जास्त बोलायच्या आधी खापर चुलीवर ठेवलं, डाळ हाताने दाबून पाहिली, दोन पाहुण्या बायकांना पुरण वाटायला बसवलं. पूर्णिमाकडे चूल आली. धुराने तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लाकूड किती आत सरकवायचं हे मालूबाई नुसत्या हनुवटीने सांगत होत्या.

दिगंबरराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. स्वभावाने नरम. पण विहीणबाई मांडवात येऊन बसल्या होत्या आणि त्यांना ताक देऊन देऊन घरचे थकले होते. शेवटी ते चुलीपाशी आले.

"मालूबाई, तुमचं नाव ऐकून बोलावलं होतं हो. इतका उशीर? पाहुण्यांसमोर..."

"चूक झाली भाऊ," मालूबाई म्हणाल्या. "माझ्या ध्यानातून गेलं असेल."

पूर्णिमाच्या हातातलं लाकूड तिथेच थांबलं. मालूबाईंच्या ध्यानातून काहीच गेलेलं नव्हतं, हे अंगणात चार माणसांना माहीत होतं आणि त्यातली तीन गप्प बसणार होती. पूर्णिमा उठून उभी राहिली. तोंडाला काजळी, हाताला पीठ.

"काका, त्यांची काही चूक नाही. त्यांना ऑर्डर कळलीच नव्हती. आज सकाळी तुमचा फोन आला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तुमचं नाव ऐकलं. ती वेबसाइट मी बनवली आहे."

 दिगंबरराव तिच्याकडे वळले.

"मग ती हिरवी खूण? 'निश्चित झाली' असं लिहून आलं होतं ना?"

"ते आपोआप येतं. बटण दाबलं की."

"कोणी पाहिलं नसलं तरी?"

"हो."

"मग तसं लिहायचं कशाला बेटा?" ते म्हणाले. रागावून म्हणाले असते तर पूर्णिमाला सोपं गेलं असतं. त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं.

मेंदीच्या हातांची नवरी भूमिका दारात येऊन उभी होती. "बाबा दोनदा म्हणाले होते, एक फोन करून घेऊ," ती हळूच म्हणाली. "मीच म्हटलं, कन्फर्म आहे, कशाला त्रास द्यायचा."

"बोलून झालं असेल तर कोणी मला सांगा," मालूबाई खापरावरचा मांडा उलटत म्हणाल्या, "दीडशे काय आहे? दीडशे माणसं की दीडशे मांडे?"

भूमिकाने बापाकडे पाहिलं. "दीडशे माणसं. एका माणसाला एक, म्हणून दीडशे लिहिलं."

मालूबाईंनी हातावरची पोळी थांबवली आणि पहिल्यांदा त्या दिवशी हसल्या. हसता हसता पदराने डोळे पुसले. "अगं माय! एक मांडा दोघांना पुरून उरतो. दीडशे केले असते तर तुम्ही आठ दिवस तेच खात बसल्या असत्या."

त्यांनी मनात धरलं होतं की कसंबसं अर्धं काम होईल आणि मान खाली घालून निघावं लागेल. आता ते अर्धंच पुरेसं होतं. दोन वाजून दहा मिनिटांनी पंगत बसली. पहिला मांडा विहीणबाईंच्या पानात पडला, चार घड्या घालून, वर तुपाची धार आणि बाजूला आमरसाची वाटी. विहीणबाई सकाळपासून फारशा बोलल्या नव्हत्या. त्यांनी पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि वाढणाऱ्या मुलीला विचारलं, "करणारी बाई कुठे आहे? तिला म्हणा, आधी जेवून घे." दिगंबररावांचा जीव तेव्हा कुठे भांड्यात पडला. एकूण अडुसष्ट मांडे झाले. शेवटच्या पंगतीतल्या पोरांना चतकोर चतकोर मिळाले, तेवढंच.

परतताना पूर्णिमा मालूबाईंच्या शेजारी बसली. अंगाला पुरणाचा आणि धुराचा वास येत होता. सकाळपासून अडलेली माफी तिने आता नीट मागितली. मालूबाईंनी ऐकून घेतली.

"तुझ्यावर राग नाही पोरी. तू आली. दुसरं कोणी आलं नसतं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पण तुझं ते यंत्र 'हो' फार लवकर म्हणतं. मी कधी एकदम हो म्हटलं नाही. आधी विचारते मी."

"काय काय विचारता?"

"आता असं कसं सांगू? फोन आला की तोंडात येतं."

"मग मी दोन दिवस तुमच्याकडे येऊन बसू का? तुम्ही फोनवर बोलाल, मी ऐकेन."

मालूबाईंना याचं नवल वाटलं. "ये की. पण नुसती नको बसू. मेथी निवडत बस."

पूर्णिमा सोमवारी आणि मंगळवारी जसोंडीला गेली. मेथी निवडली, शेंगा फोडल्या, आणि मालूबाईंचे सोळा फोन ऐकले. ती वहीत लिहीत गेली तसं तिला दिसत गेलं की या बाईची विचारपूस म्हणजेच तिचं अर्धं कौशल्य आहे. घर तुमचं की मंगल कार्यालय? अंगण उघडं आहे का? पाणी बोअरचं की नळाचं, कारण जड पाण्यात डाळ शिजत नाही. मांड्यांबरोबर आमरस आहे की दूध? म्हातारी माणसं किती, त्यांच्यासाठी कडा मऊ ठेवायला लागतात. आणि एक प्रश्न तर मालूबाई प्रत्येकाला विचारत होत्या: "घरात कोणाला गोड बंद आहे का? त्यांच्यासाठी बिनपुरणाचा एक करून ठेवते. नाहीतर माणूस पानावर बसून नुसतं पाहत राहतं." पूर्णिमाच्या वडिलांना मधुमेह होता. कुठल्याच लग्नात त्यांच्यासाठी असं कोणी काही केलेलं तिला माहीत नव्हतं. तिने वही मिटली आणि थोडा वेळ नुसतीच मेथी निवडली.

ऑफिसात आल्यावर ती गौरवला म्हणाली, "ती साइट पूर्ण काढून टाक."

"पूरी?"

"पूर्ण. नग काढ, हिरवी खूण काढ, तो फोटोही काढ."

"मग उरेल काय?"

"मालूमावशी उरतील."

नवी साइट करायला तीन आठवडे लागले. गौरवने आधी कुरकुर केली, मग त्यालाच ती आवडू लागली. उघडल्यावर आता मालूबाईंचे दोन हात दिसतात आणि त्यांवर कोपरापर्यंत आलेला मांडा. हा फोटो गौरवने जसोंडीला जाऊन काढला. तो काढताना त्याने चार मांडे खाल्ले, हे मालूबाई अजून सगळ्यांना सांगतात. खाली एक बटण आहे. ते दाबलं की त्यांचाच आवाज येतो: "राम राम. मी जसोंडीची मालूबाई. काय कार्य आहे घरी?" मग एकेक प्रश्न येतो, त्यांच्याच आवाजात, आणि माणसाने बोलून उत्तर द्यायचं. हिंदीतही ऐकायची सोय आहे. त्यातही मालूबाईच बोलतात, आणि त्यांच्या हिंदीत मध्येच मराठी शिरते. गौरव म्हणाला, पुन्हा रेकॉर्ड करू. पूर्णिमा म्हणाली, राहू दे, इथे सगळे असंच बोलतात. उत्तरं थेट मालूबाईंच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोहोचतात. त्या सवडीने ऐकतात आणि स्वतः फोन करतात. तोवर ग्राहकाला एवढंच वाचायला मिळतं: तुमचा निरोप पोहोचला. मालूबाईंनी स्वतः हो म्हटल्याशिवाय तारीख पक्की धरू नका.

दिगंबररावांना पूर्णिमाने फोन करून ही नवी साइट बघायला सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "आता कसं घरी बोलावल्यासारखं वाटतं."

पण त्यापुढचं काम अवघड होतं. पूर्णिमाने जुन्या ग्राहकांची यादी काढली आणि एकेकाला भेटायला निघाली. पॉवरलूमच्या कापडाचे व्यापारी सुरेश अग्रवाल यांच्या साइटवर चौकशी करणाऱ्यांचे एकशे बारा निरोप पडून होते. ते कुठे उघडतात हेच त्यांना कोणी दाखवलेलं नव्हतं. त्यांनी ते पाहिले तेव्हा चहाचा कप हातात तसाच राहिला. पूर्णिमाला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "बेटी, मला तर वाटायचं, कोणाला गरजच नाही माझ्या कापडाची." दोघांनी बसून दुपारभर निरोप वाचले. अर्ध्या लोकांनी विचारलं होतं की पन्हा किती आहे, आणि पन्हा म्हणजे कापडाची रुंदी साइटवर कुठेच लिहिलेली नव्हती.

तेव्हापासून तयार डिझाइन बंद झालं. आधी दोन दिवस ग्राहकाच्या दुकानात बसायचं, आणि साइट सुरू झाल्यावर दर महिन्याला एकदा जाऊन विचारायचं, कोण आलं, काय म्हणालं, कुठे अडलं. महिन्याला चार साइट व्हायच्या तिथे आता एक होते. गौरवने पहिल्यांदा काळजी केली. पण मालूबाईंची साइट ऐकून लोणचीवाले आले, एक बँडवाला आला, आणि डोईफोडिया गावाहून मध विकणाऱ्या बायका आल्या. गौरव डोईफोडियाला दोन दिवस राहायला गेला आणि डोळा सुजवून परत आला. मधमाशी चावली होती. पण साइटवर काय हवं ते त्याला नीट कळलं होतं.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मालूबाईंचा पूर्णिमाला फोन आला.

"पोरी, त्या तुझ्या साइटवर लिही, आठ दिवस मांडे बंद. गुडघा धरला आहे माझा. चुलीपाशी बसवत नाही."

"लिहिते मावशी. डॉक्टरांना दाखवलं का?"

"दाखवलं, दाखवलं. तू लिही."

पूर्णिमाने मालूबाईंनाच बोलायला लावलं आणि तेच साइटवर टाकलं: "राम राम. गुडघा दुखू राह्यला, म्हणून आठ दिवस काम बंद. कार्य पुढचं असेल तर बोलून ठेवा."

चौथ्या दिवशी पुन्हा फोन आला. मालूबाईंचा आवाज वैतागलेला होता, आणि त्या वैतागाच्या खाली भलत्याच खुशीत होता.

"ते काढ ग बाई तिथून! सकाळपासून फोन ठेवू नाही राह्यले लोक. खंडव्याची एक बाई तेल पाठवू राह्यली. बुऱ्हाणपूरचा एक वैद्य घरी यायचं म्हणतो. आणि नेपानगरच्या त्या विहीणबाई, त्यांनी अर्धा तास मला पायाचे व्यायाम सांगितले."

"मग केले का व्यायाम?"



"दोन केले," मालूबाई म्हणाल्या. "तिसरा फार अवघड आहे. तू येशील तेव्हा करून दाखव."